शाळेनंतर काम: इंदूरच्या दिव्यांग मुलामुलींच्या घरांतून येणारे प्रश्न

हे प्रश्न रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंतच्या मराठी घरांतून आलेले आहेत. विचारणारे बहुतेक आईवडील, काही आजीआजोबा, आणि अलीकडे स्वतः मुलंमुलीही. उत्तरं मी विशेष शिक्षिका म्हणून देते आहे. शाळा सुटल्यावर घरी बसलेल्या मुलाला पुन्हा घराबाहेर काढणं किती जड जातं हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे, त्यामुळे काही ठिकाणी माझा सूर आग्रही वाटेल.

तयारी कधीपासून करायची? बारावी होऊ दे, मग बघू, असं केलं तर?

तर उशीर होतो. मूल चौदा वर्षांचं झालं की सुरुवात करा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क २०१६च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाने दिला आहे. अठरा पूर्ण झाले की शाळेची गाडी, शाळेतली थेरपी, बाईंचा फोन, मित्र, सगळं एकाच उन्हाळ्यात थांबतं. मुलाचा दिवस रिकामा होतो आणि घरालाही हळूहळू त्याची सवय होते. ही सवय मोडणं नोकरी मिळवण्यापेक्षा कठीण.

नववीत असतानाच त्याला कामं पाहायला न्या. मामाचं दुकान, ओळखीची छापखान्याची जागा, सांवेर रोडवरचं नमकीनचं पॅकिंग, दवाखान्यातला नोंदणीचा काउंटर. तिथे तासभर बसू द्या आणि घरी आल्यावर काय आवडलं, कशाचा आवाज नकोसा झाला, ते विचारा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा बिनदप्तराचे दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांचं काम पाहण्यासाठी. शाळेत ते होत असतील तर नेमक्या त्या दिवशी आपल्या मुलाला ‘त्याला काय कळणार’ म्हणून घरी ठेवू नका. असं करणारी घरं खूप आहेत.

घरी नेमकं काय शिकवायचं?

मालक लोक माझ्याकडे तक्रार करतात ती हाताच्या वेगाची क्वचितच असते. येतो उशिरा, न सांगता घरी जातो, सुपरवायझर बोलला की रुसतो, डबा उघडायला कोणीतरी लागतं, अशा तक्रारी असतात. या सगळ्याची तालीम घरातच होते.

गजर लावून स्वतः उठणं, कपडे आदल्या रात्री काढून ठेवणं, अंघोळ आणि दाढी कोणी न सांगता करणं, आपला डबा आपण भरणं आणि धुणं. मासिक पाळीत पॅड बदलणं आणि नीट टाकणं मुलीला एकटीला जमलं पाहिजे. कामाच्या जागी आई नसते. घरातलं एक काम कायमचं त्याच्याकडे द्या आणि ते राहिलं तर गुपचूप उरकून टाकू नका. पाण्याची टाकी भरायची राहिली तर घरात पाणी नाही, एवढं त्याला कळू द्या.

पैशाचं शिकवा. नोटा ओळखणं, शंभर दिल्यावर किती परत यायला हवेत याचा अंदाज, क्यूआर कोड लावून पैसे देणं, आणि पिन कोणालाही न सांगणं, अगदी गल्लीतल्या भैयालाही नाही. घड्याळ वाचता येत नसेल तर फोनवर चार गजर लावा. वेळ पाळण्यासाठी घड्याळ वाचता यायलाच हवं असं नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मदत मागणं. डॉक्टरांनी मुलाला काही विचारलं की उत्तर आई देते. हे थांबवा. त्याला दहा सेकंद लागले तर लागू द्या. ‘मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, समोर येऊन बोला’ हे वाक्य ज्याला स्वतः म्हणता येतं तो कामावर टिकतो. ते वाक्य प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. ते शोधा, आणि पाहुण्यांसमोर, दुकानात, रिक्षात म्हणायला लावा.

आमच्या घरात फक्त मराठी. कामावर त्याला हिंदी समजेल का?

हा खास आपल्याकडचा प्रश्न, आणि त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बौद्धिक अपंगत्व किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेलं मूल आजीशी मराठीत सगळं बोलतं आणि कामावर गप्प होतं. मालकाला वाटतं, याला काही येतच नाही. घरातली मराठी सोडू नका, तिच्यातच त्याचा जीव आहे. पण कामाची दहा-बारा वाक्यं हिंदीत पाठ करून घ्या, तीही त्याच सुरात: ‘सर, ये हो गया, अब क्या करूँ?’, ‘समझ में नहीं आया, एक बार करके दिखाइए’, ‘मुझे बाथरूम जाना है’, ‘आज तबीयत ठीक नहीं है’. शक्यतो ही वाक्यं घरातल्या माणसाने नव्हे तर शेजारच्या काकांनी किंवा किराणावाल्याने म्हणवून घ्यावीत, म्हणजे परक्या माणसाशी बोलायची भीड मोडते.

मोजणीचंही तेच. घरी ‘पंचवीस’ शिकलेल्या मुलाला गोदामात ‘पच्चीस’ ऐकू येतं.

कोणती कागदपत्रं आधी करून ठेवायची?

पहिलं यूडीआयडी, म्हणजे स्वावलंबन कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. १ जून २०२१पासून अपंगत्वाचं प्रमाणपत्र त्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनच मिळतं. अर्ज घरून किंवा एमपी ऑनलाइनच्या दुकानातून भरा. तपासणी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळासमोर होते. लहानपणी मिळालेलं प्रमाणपत्र पुष्कळदा ठरावीक मुदतीचं असतं, त्यावरची पुनर्तपासणीची तारीख आजच पाहा. भरतीची जाहिरात आल्यावर मुदत संपल्याचं लक्षात येणं यासारखी हळहळ नाही.

यानंतर समग्र आयडी (राज्य सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक), मूळ निवासी प्रमाणपत्र, राज्याच्या रोजगार पोर्टलवरची नोंदणी, स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि अठरानंतर पॅन. पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा द्यावी लागते. ते राहिलं असेल तर पुढे प्रत्येक ठिकाणी अडतं.

आता मराठी घरांचं खास दुखणं. आपण वडिलांचं नाव मधे लिहितो. इथल्या मार्कशीटवर मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच असतं, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर तीन शब्द, मार्कशीटवर दोन, यूडीआयडीवर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग, अशी फाइल मी दर वर्षी पाहते. दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे तेच प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. दहावीचा अर्ज अजून भरायचा असेल तर तुमचं नशीब चांगलं, तिथेच ठरवा. काम अडलंच, तर कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई असते. तिथे लेखी अर्ज द्या आणि पावती घ्या.

मंडळाने ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व लिहिलं. मग काहीच नाही?

आरक्षण मिळणार नाही. पण भेदभावाविरुद्धचं संरक्षण सगळ्यांना आहे, आणि लिहायला खरोखर अडचण असेल तर ४० टक्क्यांखालीही लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये तसा निकाल दिला, आणि त्यानंतर ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं.

दहावीच राहिली आहे. आधी ती करावी की काम शिकावं?

दोन्ही बरोबर करता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विषय थोडे थोडे करून दहावी पूर्ण करता येते, आणि राज्याचं मुक्त शिक्षण मंडळही आहे. ज्या मुलाला थोड्या मदतीने दहावी जमण्यासारखी आहे त्याने ती करावीच, कारण आयटीआयचे बरेच ट्रेड आणि सरकारी नोकरीतल्या कित्येक जागा दहावीवर उघडतात. ज्याला नाही जमणार, त्याची पाच वर्षं त्याच पुस्तकावर घालवू नका. त्या वयात हात शिकतात.

सरकारी नोकरीच बघावी ना? आरक्षण आहे.

आरक्षण आहे, आणि ते पूर्ण समजून घ्या. केंद्रात ४ टक्के: दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग गटाला प्रत्येकी १, आणि चौथा १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. मध्य प्रदेशात हेच ६ टक्के आहे, प्रत्येक गटाला दीड. केंद्राच्या भरतीत वयाची कमाल मर्यादा १० वर्षांनी शिथिल होते. कोणती पदं कोणत्या अपंगत्वाला योग्य याची यादी ४ जानेवारी २०२१ला अधिसूचित झाली, तिच्यात ३,५६६ पदं आहेत. फॉर्म भरण्याआधी आपलं पद तिच्यात आहे का हे पाहावं.

एवढं असूनही मी सांगते, फक्त भरतीची वाट पाहत घरी बसू नका. भवरकुआच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये चार वर्षं गेली आणि हातात अनुभवाचं एक पत्र नाही, अशी मुलं भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं. अभ्यास चालू ठेवा, आणि त्याच्या जोडीला अर्ध्या दिवसाचं तरी काम हवं.

प्रशिक्षण कुठे मिळेल?

नंदानगरच्या शासकीय आयटीआयपासून चौकशी सुरू करा. दिव्यांगांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रं आहेत, आपल्या राज्यातलं जबलपूरला आहे. तिथे क्षमता तपासून कोणतं काम जमेल याचा सल्ला देतात. दिव्यांगांच्या कौशल्यासाठी स्वतंत्र सेक्टर कौन्सिलही (कौशल्य परिषद) आहे, तिच्या अभ्यासक्रमात अपंगत्वानुसार बदल केलेले असतात. राज्याच्या ‘सीखो-कमाओ’ योजनेत १८ ते २९ वयाच्या मध्य प्रदेशातल्या मूळ रहिवाशांना प्रत्यक्ष कारखान्यात, दुकानात शिकताना दरमहा मानधन मिळतं. २०२३मध्ये योजना सुरू झाली तेव्हा बारावीवाल्यांना ८,००० आणि आयटीआयवाल्यांना ८,५०० रुपये ठरले होते.

कुठल्याही केंद्रात नाव घालण्याआधी तिथल्या मागच्या तुकडीतली दोन मुलं आज कुठे काम करतात ते विचारा, आणि त्यांच्या घरी फोन करा. उत्तर टाळलं तर समजून जा. मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या वर्षानुवर्षं करत बसवणारी केंद्रं प्रेमाने चालवलेली असतात, पण त्यातून बाहेर जायचा रस्ता आहे का, हा प्रश्न पालकांनीच विचारला पाहिजे. आणि ‘नोकरी पक्की, आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

मुलाखतीत अपंगत्व सांगावं की लपवावं?

दिसणारं असेल तर प्रश्नच नाही. न दिसणाऱ्या अपंगत्वाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कामात ज्याने फरक पडतो तेवढं सांगावं, आणि त्याच दमात उपायही सांगावा. ‘मला अपस्मार आहे’ एवढंच म्हटलं तर समोरचा घाबरतो. ‘मला अपस्मार आहे, औषध नियमित आहे, रात्रपाळी आणि उंचीवरचं काम नको, बाकी सगळं चालेल’ म्हटलं की त्याला निर्णय घेता येतो.

कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात. बहुतेक वेळा ती फुकटात होते. व्हीलचेअरवाल्या मुलाचं टेबल तळमजल्यावर, कर्णबधिर मुलीला तोंडी सूचनेऐवजी व्हॉट्सॲपवर दोन ओळी, स्वमग्न मुलाची जागा मशीनपासून दूर. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. मुलाखतीआधी कंपनीच्या संकेतस्थळावर ते शोधा, नसेल तर नम्रपणे विचारा.

मुलीला अजिबात दिसत नाही. ती कॉम्प्युटरवर काम करू शकेल?

हो, आणि चांगलं करेल. एनव्हीडीए नावाचं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. ते हिंदी बोलतं, मराठीही बोलतं. अँड्रॉइड फोनमध्ये त्याच कामाचं टॉकबॅक आधीपासूनच असतं. माउस बाजूला ठेवून फक्त कळफलकावर काम करायची सवय आठवीपासून लावा. बँका, विमा कंपन्या, कॉल सेंटर, भाषांतर, ध्वनिसंपादन, अध्यापन हे रस्ते तिला मोकळे आहेत. पांढऱ्या काठीने एकटीने चालणं हे मात्र कॉम्प्युटरइतकंच आधी शिकवा. सुपर कॉरिडॉरवर ऑफिस मिळालं आणि बाबांशिवाय जाता येत नाही म्हणून सोडावं लागलं, असं व्हायला नको.

मुलगा कर्णबधिर आहे. घरातल्या खुणा आम्हाला कळतात, तेवढं पुरे ना?

नाही पुरत. घरच्या खुणा घरापुरत्या. त्याला भारतीय सांकेतिक भाषा आली पाहिजे, आणि घरातल्या किमान एकाला तरी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश ऑनलाइन मोफत आहे, त्यावरून रोज पाच खुणा शिकता येतात. त्याचबरोबर लिहून बोलता येण्यासाठी साधी, छोटी हिंदी वाक्यं पक्की करा, कारण कामावर सगळा कारभार शेवटी लेखी चालतो. लेमन ट्री ही हॉटेलसाखळी २००७पासून कर्णबधिरांना कामावर घेत आली आहे, आणि इंदूरात तिचं हॉटेल आहे. अशा ठिकाणी सहकाऱ्यांना खुणा ठाऊक असतात, तिथे आधी प्रयत्न करा.

बौद्धिक अपंगत्व आहे. खरं सांगा, याला नोकरी मिळेल?

सगळ्यांना नाही मिळणार, पण पालक समजतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त मुलांना मिळेल. काम तुकड्यांत तोडून द्यावं लागतं, आणि पहिले काही आठवडे शेजारी एक माणूस लागतो. त्याला जॉब कोच म्हणतात. तो आधी दाखवतो, मग बरोबर करतो, मग बाजूला उभा राहतो, मग दिवसाआड येतो, मग फक्त फोन करतो. कोच सरकून मागे जाणं हे कौशल्याचं काम आहे. आईने कोच होऊ नये. आई मागे जाऊ शकत नाही.

एक उदाहरण देते. बारा पाकिटांचं खोकं भरायचं काम होतं आणि मुलाला बारा मोजता येत नव्हते. त्याला बारा खणांचा ट्रे करून दिला. सगळे खण भरले की खोक्यात ओतायचं. मोजणी ट्रेने केली, काम त्याने केलं, आणि चूक होणं थांबलं. असा विचार करणारा एक माणूस कारखान्यात भेटला की पुढचं जमतं.

पगाराबद्दल संकोच करू नका. ‘त्याचा वेळ जातोय, तेच खूप’ असं मालकासमोर कधीही म्हणू नका. काम इतरांइतकं असेल तर पैसेही तेवढेच मागा, आणि ते त्याच्याच खात्यात जमा व्हायला हवेत.

मुलगी आहे. एकटी बसने कशी पाठवू?

टप्प्याटप्प्याने. आधी तिच्या शेजारी बसा, मग दोन सीट मागे, मग बसमधून न जाता उतरायच्या थांब्यावर उभे राहा, शेवटी फक्त ‘पोचले’ असा मेसेज. बस चुकली, थांबा पुढे गेला, फोन बंद पडला, या प्रत्येकाची मुद्दाम तालीम घ्या. नको असलेला स्पर्श झाला तर मोठ्याने ओरडायचं, हे तिला स्पष्ट शब्दांत शिकवा. लाजेने अर्धवट सांगू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच, तिच्या अध्यक्षांचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्या. कर्णबधिर मुलीच्या घरी तुकोगंज ठाण्याचं नाव ठाऊक असावं, कारण सांकेतिक भाषेतून तक्रार ऐकणारं सहायता केंद्र तिथे सुरू झालं.

त्याने नोकरी केली तर आमच्यामागे मिळणारी फॅमिली पेन्शन बंद होईल का?

या भीतीपोटी कित्येक निवृत्तांनी मुलांना घरी बसवलं आहे, म्हणून नीट वाचा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कौटुंबिक पेन्शन मिळते, अट इतकीच की त्याची इतर कमाई पोट भरण्याइतकी नसावी. फेब्रुवारी २०२१मध्ये ही अट सैल झाली. आता मुलाचं इतर उत्पन्न त्या कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल तर पेन्शन चालू राहते. पॅकिंगच्या किंवा हेल्परच्या कामाचा पगार पुष्कळदा या मर्यादेत बसतो. राज्य सरकार, बँक, विमा कंपनी यांचे नियम वेगळे, ते आपल्या खात्यातून लेखी मागवा. आणि तुम्ही हयात असतानाच मुलाचं नाव पेन्शनच्या कागदांत नोंदवून ठेवा.

अठरा झाल्यावर कायदेशीर पालकत्व घ्यावंच लागतं का?

प्रत्येकाला नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. पण जो स्वतः सही करू शकतो, पैसे काढू शकतो, त्याचे हक्क घाईने आपल्याकडे घेऊ नका.

घरचंच दुकान आहे, तिथे बसवलं तर?

बसवा, पण नोकर ठेवाल तसं: ठरलेली वेळ, ठरलेलं काम, महिन्याला पगार. स्वतःचा धंदा टाकायचा असेल तर राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाचं सवलतीच्या व्याजाचं कर्ज आहे.

लागलेली नोकरी महिन्यात सुटली. आता?

कारण आधी मालकाकडून ऐका, मग मुलाकडून, आणि दोघांना एकत्र बसवू नका. पुष्कळदा कामाचा दोष नसतो. कामाची पाळी बदललेली असते, ओळखीचा सुपरवायझर गेलेला असतो, जेवायला बसायची जागा हललेली असते. एवढं कळलं की पुढच्या ठिकाणी काय आधी विचारायचं ते ठरतं. जितके दिवस काम केलं तितक्यांचं पत्र त्याच आठवड्यात मागून घ्या, लेटरहेडवर, कामाचं नाव आणि तारखा लिहून. सकाळी उठायची वेळ, डबा आणि बस तशीच चालू ठेवा, नवीन काम मिळेपर्यंत वाचनालयात किंवा ओळखीच्या दुकानात दोन तास जाऊ द्या. पंधरा दिवसांच्या आत दुसरीकडे अर्ज गेला पाहिजे.